पगाराची तारीख

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय पगाराबद्दल. हॉटेलातला वेटर, मॉलमधली हाऊसकीपिंगवाली ताई, हॉस्पिटलच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला, म्हणजे ठेकेदारामार्फत राबणाऱ्या मंडळींच्या पगाराबद्दल. मुद्द्याची गोष्ट आधीच सांगतो: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत हातात पडला पाहिजे. 7 तारीख. "बिल पास झालं की देतो" हे कारण कायद्यात बसत नाही.

पण पगाराला तारीख असावी, हे आधी कोणी मागितलं? त्यासाठी 1884 सालच्या मुंबईत जावं लागेल. गिरण्या धडधडत होत्या, पण कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती आणि पगार कधी होईल याचा नेम नव्हता. तेवढ्यात सरकारने कारखान्यांच्या कायद्यासाठी एक कमिशन नेमलं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ही संधी हेरली. लोखंडे म्हणजे जोतिराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक. त्याआधी गिरणीत स्टोअरकीपर होते, त्यामुळे आतला कारभार त्यांना पाठ. सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि 5,500 सह्यांचं निवेदन तयार केलं.

त्यात मागण्या काय होत्या बघा. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, त्यापुढे नाही. कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार. आणि आपल्या कामाची मागणी: पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. म्हणजे अर्धा महिना उलटायच्या आत तरी द्या हो, एवढंच! पगार मागे ठेवला की माणूस गिरणी सोडून जाऊ शकत नाही, कारण सोडलं तर अडकलेला पैसा बुडतो. तोवर घर चालतं वाण्याच्या उधारीवर. आजचा ठेकेदार पहिल्या महिन्याचा पगार "डिपॉझिट" म्हणून अडकवतो ना, तो हाच जुना डाव.

पुढे 24 एप्रिल 1890 ला मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्यात दोन कामगार बायका बोलायला उभ्या राहिल्या. 1890 साली, हां! आणि 10 जून 1890 ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी कबूल केली. 2005 साली लोखंड्यांचं टपाल तिकीट निघालं खरं, पण रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत उभं राहताना त्यांची आठवण किती जणांना होते? असो.

रविवार मिळाला, तारखेला मात्र फार वेळ लागला. वेळेवर पगाराचा कायदा झाला 1936 साली. हजाराच्या आत कामगार असतील तर 7 तारीख, त्याहून जास्त असतील तर 10. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू आहे आणि महिन्याच्या पगाराला सगळीकडे 7 तारीख आहे. रोजंदारी असेल तर पाळी संपताच, आठवड्याचा असेल तर सुट्टीच्या आदल्या दिवशी. आणि काम सोडलंत किंवा काढून टाकलं, तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब.

आता ओव्हरटाइम. दर दुप्पट, दीडपट नव्हे. रोज 600 रुपये आणि पाळी आठ तासांची असेल, तर तासाला 75. जादा तासाला 150. बारा तास उभं राहिलात तर वरच्या चार तासांचे 600, म्हणजे त्या दिवसाचे 1,200. बारा तासांची ड्यूटी एकाच रोजात उरकतात, तिथे निम्मे पैसे जातात. (आणि सोसायट्यांबद्दलही बोलतोच: वॉचमनच्या पगारात दोनशे रुपयांची घासाघीस करायची आणि गेटला पितळी अक्षरं लावायची, हे मला कधी कळलेलं नाही.)

कप फुटला, पगार कापला? आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. नुकसान तुमच्या हलगर्जीपणामुळे झालं असेल, तरच कपात. आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत.

ठेकेदार पळाला तर? ज्या कंपनीत तुम्ही काम करता, तिच्यावर थकलेल्या पगाराची जबाबदारी येते. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि पगार दिला हे सिद्ध करायचं ओझं मालकावर असतं, तुमच्यावर नाही. तरीही स्वतःचा पुरावा हवाच. रोज आल्याची-गेल्याची वेळ वहीत लिहा. हजेरी मस्टरचा आणि ड्यूटी चार्टचा फोटो काढा. सुपरवायझरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुसू नका. पगाराची स्लिप मागून घ्या. कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज देताना दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का नसला की "अर्ज आलाच नाही" ऐकावं लागतं.

आणि कोऱ्या व्हाउचरवर सही नको. हिशेब कमी दिला, पण पैशाची नड आहे, तर पैसे घ्या. मात्र सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "हिशेब मान्य नाही, हक्क राखून रक्कम घेतली." खाली तारीख टाका आणि त्या कागदाचा फोटो काढूनच तो परत द्या.