नाणं तेच, चिठ्ठ्या तीन

मंडळी, नमस्कार. माईक जरा बाजूला सरकवतो, कारण बोलता बोलता एक नाणं टेबलावर वाजवायचंय.

हा १९१२ सालचा पंचम जॉर्जचा रुपया. आदल्या वर्षीच्या, म्हणजे १९११च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली. टांकसाळीने मग नवा हत्ती काढला. हा तो सुधारलेला हत्ती. आता या पाकिटातल्या तीन चिठ्ठ्या बघा. पहिली म्हणते 'एमएस ६२', म्हणजे चलनात न फिरलेला, थोडेफार ओरखडे असलेला. दुसरी म्हणते 'एयू ५८', म्हणजे किंचित फिरलेला. तिसरी म्हणते 'क्लीन्ड', म्हणजे घासलेला, सबब आकडाच नाही. तिन्ही चिठ्ठ्या याच रुपयाच्या, आणि तिन्ही एकाच ग्रेडिंग कंपनीच्या, म्हणजे फी घेऊन नाणं तपासून ७० पैकी गुण देणाऱ्या कंपनीच्या.

कंपनी आपल्याकडचीच, नाव सांगत नाही. चूक आधी माझी. ६२ आले तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण ६३ मिळाले असते तर भाव बराच वर गेला असता, म्हणून लोभ सुटला. कंपनी नाणं चिठ्ठीसकट प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करून देते. ती पेटी टॉवेलमध्ये गुंडाळली, पकडीने कोपरा दाबला, नाणं काढून परत पाठवायला. प्लास्टिक फुटल्याचा आवाज एवढा मोठा आला की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. हसताय काय, तुमच्यातल्या निम्म्यांनी हे केलंय. दोन पाठवण्यांच्या मधल्या काळात रुपया कपाटातून हललाही नव्हता. फी मात्र तिन्ही वेळा, आणि आगाऊ. फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, ग्रेडर वेगळा असेल." त्या सगळ्या व्यवहारात मला पटलेलं हे एकच वाक्य.

कारण आकडा कितीही शास्त्रीय दिसला तरी शेवटी ती दिव्याखाली नाणं फिरवणाऱ्या माणसाची नजर असते, आणि तीही काही सेकंदांची. हा ७० गुणांचा हिशेब आला कुठून? विल्यम शेल्डन नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता. त्याने १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटांसाठी तो मांडला. कल्पना अशी की जेमतेम ओळखता येणाऱ्या नाण्याला १ आणि निर्दोष नाण्याला ७०, म्हणजे किंमतही सत्तरपट. भाव त्या हिशेबात कधीच राहिले नाहीत, आकडे तेवढे उरले. आणि याच शेल्डनने न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली सेंटं उचलून तिथे आपल्याकडची हलकी ठेवली होती, हे पुढे उघड झालं. ज्याने जगाला नाण्याची प्रत मोजायला शिकवलं त्यानेच प्रत बदलली!

१९८६ साली अमेरिकेत पीसीजीएस ही ग्रेडिंग कंपनी आली, १९८७ साली एनजीसी. प्लास्टिकच्या सीलबंद पेटीची, आपण जिला स्लॅब म्हणतो तिची, चाल तिथून पक्की झाली. पुढे कंपन्यांचं पेव फुटलं. २००३ साली तिथल्या 'कॉइन वर्ल्ड' साप्ताहिकाने तीच ती नाणी वर्षभर वेगवेगळ्या कंपन्यांकडे पाठवून बघितली. एकाही नाण्यावर सगळ्यांचं एकमत झालं नाही, काही ठिकाणी फरक सात गुणांपर्यंत गेला. तेव्हा माझ्या तीन चिठ्ठ्यांचं फार नवल करू नका.

नाण्याची पारख करणारा माणूस आपल्याकडे नवा नाही. पोतदार हे आडनाव त्यातूनच आलं. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे नाना तऱ्हेचे रुपये फिरायचे, आणि सराफ प्रत्येकाचं वजन, चांदी, झीज बघून बट्टा, म्हणजे किमतीतली वजावट, ठरवायचा. 'नावाला बट्टा लागला' म्हणतो ना आपण, तो हाच. सराफही लबाड असायचे, नाही असं नाही. पण सराफ बट्टा सांगायचा आणि त्याच भावाने रुपया स्वतःच्या थैलीत टाकायचा. पारख चुकली तर खड्डा त्याच्या थैलीला. ग्रेडिंगवाला ६२ सांगतो, फी घेतो आणि नाणं तुम्हाला परत करतो. उद्या ते ५८ निघालं तर खड्डा तुमच्या खिशाला. अमेरिकेतल्या बड्या कंपन्या आपल्या ग्रेडची लेखी हमी देतात, अटी पुष्कळ असल्या तरी देतात. माझ्या कंपनीच्या फॉर्मवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं की ग्रेड हे केवळ मत आहे. हमी कुठेच नव्हती.

कोणी म्हणेल, मग अमेरिकेलाच पाठवा. शंभर वर्षांवरचं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं. १९७२च्या कायद्याप्रमाणे ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवताच येत नाही, ग्रेडिंगसाठीसुद्धा नाही. म्हणजे शिवराई, कंपनी सरकारचा रुपया, हा माझा १९१२चा, सगळे इथेच. आणि शिवराईला ७० पैकी गुण द्यायचे तरी कसे? ती हाताने पाडलेली. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान. 'श्री राजा शिव' मधला 'श्री' चकतीबाहेरच राहिला, तर तो झिजलाय की मुळात उमटलाच नव्हता, हे ओळखायला शेकडो शिवराया हाताखालून गेलेल्या असाव्या लागतात. जुन्या रुपयांवर सराफांनी ठोकलेल्या बारीक खुणा दिसतात. नाणं तपासलं, खरं आहे, अशी त्या काळची ती पावती. आजची चिठ्ठी तिला 'डॅमेज' म्हणते.

'क्लीन्ड'चं थोडं निराळं आहे. घरोघरी लक्ष्मीपूजनाला ताम्हणात येणारा बंदा रुपया दरवर्षी रांगोळीने घासला जातो. भिंगाखाली त्यावर केसासारख्या समांतर रेघा दिसतात. त्याला 'क्लीन्ड' म्हटलं तर तक्रार नको, ते बरोबरच आहे. माझी तक्रार दुसरी आहे. रसायनात क्षणभर बुडवून वरचा थर उतरवलेले, नको तितके पांढरेफटक रुपये मी ६४च्या पेट्यांत बघितलेत. आजीची रांगोळी पकडली जाते, व्यापाऱ्याचं रसायन सुटतं.

आता ऐका. (नाणं टेबलावर वाजवतात.) ११.६६ ग्रॅम, जवळपास ९२ टक्के चांदी. खणखणीत नाणं म्हणतात ते हे. स्लॅबमध्ये हा आवाज गेला, वजन गेलं, कडाही धड दिसत नाही. १९३९चा रुपया घ्या. जुन्या चांदीचा तो शेवटचा, १९४०पासून चांदी निम्म्यावर आली. भाव भरमसाट, म्हणून १९३८च्या आठाचा नऊ कोरणारे हात पुष्कळ. तो हातात घेऊन भिंगाखाली तिरका धरून बघायचा असतो, आणि तोच आपण न उघडता, चिठ्ठी वाचून घेतो. बरं, पेटी तरी खरी? २००८च्या सुमारास चीनमध्ये बनलेल्या नकली अमेरिकन स्लॅब बाजारात आल्या, आत नाणंही नकली.

तर हा १९१२चा रुपया मी मागच्या महिन्यात विकायला काढला. एक तरुण व्यापारी आले. रुपया उलटसुलट केला, खाली ठेवला. मग तिन्ही चिठ्ठ्या नीट वाचल्या, ६२ची बाजूला काढली आणि म्हणाले, "काका, नाणं राहू दे तुमच्याकडे. ही चिठ्ठी तेवढी कितीला द्याल?"