सीमेपारची वीज आणि पाच अँपिअरचा मीटर

श्रोतेहो, नमस्कार.

भारनियमनाचे दिवस आपण विसरलेलो नाही. नेपाळने तर त्याहून वाईट दिवस काढलेत. 2008-09च्या हिवाळ्यात तिथे दिवसाचे सोळा-सोळा तास वीज नसायची. तोच नेपाळ आज पावसाळ्यात वीज विकतो. भारताला विकतोच, आणि आता बांगलादेशालाही. 15 नोव्हेंबर 2024 ला फक्त एका दिवसापुरती 40 मेगावॉट वीज ढाक्याच्या बाजूला गेली. जून 2025 पासून पावसाळ्याचे पाच महिने ती नियमित जायला लागली.

40 मेगावॉट म्हणजे किती, तर आपल्या कोयनेची क्षमता 1,960 मेगावॉट आहे! पण एवढ्याशा विजेसाठीही तीन देशांना एका टेबलावर बसावं लागलं. नेपाळ आणि बांगलादेश यांच्यामध्ये भारताची जेमतेम वीस-बावीस किलोमीटरची चिंचोळी पट्टी आहे. तिथून थेट तार नाही. नेपाळच्या ढल्केबरहून वीज बिहारमध्ये मुझफ्फरपूरला उतरते आणि बंगालमधल्या बहरामपूरहून पलीकडे बांगलादेशातल्या भेडामाऱ्याला जाते. दर ठरला युनिटला 6.4 अमेरिकी सेंट.

व्यवहार शहाणपणाचा आहे. नेपाळच्या बहुतेक प्रकल्पांना मोठी धरणं नाहीत, नदीचं वाहतं पाणी तसंच टर्बाइनवर घेतात. पावसाळ्यात पाणी उदंड, वीज देशात खपत नाही. हिवाळ्यात नद्या रोडावतात, मग तोच देश भारताकडून वीज घेतो. बांगलादेशात उन्हाळा-पावसाळ्यात पंखे-एसी चालू असतात, मागणी चढलेली असते. एकाची सुगी आणि दुसऱ्याची गरज एकाच वेळी येते.

आता गरिबाच्या घरात डोकावू. 2021च्या जनगणनेनुसार नेपाळमधली निम्म्याहून थोडी जास्त घरं अजून लाकूडफाट्यावर स्वयंपाक करतात. विजेच्या शेगडीवर करणारी शंभरातलं एकसुद्धा नाही. वीज पोचलेली नाही म्हणून? तसं नाही, ती बहुतेक घरांत आहे. गरीब घराला पाच अँपिअरचा मीटर मिळतो, महिन्याला 20 युनिटपर्यंत विजेचा आकार लागत नाही. सवलत चांगलीच. पण पाच अँपिअर म्हणजे साधारण अकराशे वॉट, आणि इंडक्शन शेगडी मागते दीड ते दोन हजार. भात शिजायला ठेवला की एमसीबी पडलीच! मीटर वाढवून घ्यायचा तर पैसे लागतात. आणि गल्लीतल्या दहा घरांनी एकदम वाढवला, तर गावची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, तग धरेल का?

म्हणून मला वाटतं, सीमेपार विकलेल्या युनिटमागे काही पैसे थेट याच कामासाठी बाजूला काढावेत: पंधरा अँपिअरची जोडणी, दणकट डीपी आणि जाड तार. विजेला सीमा ओलांडायला तीन सरकारं लागली. खांबापासून चुलीपर्यंतचं काम मात्र नेपाळचं वीज प्राधिकरण एकट्याने करू शकतं, आणि त्याला दुसऱ्या देशाची परवानगी लागत नाही.