शून्यांची ओळ

नमस्कार श्रोतेहो.

आधी एक ओळ वाचून दाखवतो. शून्य, शून्य, शून्य, शून्य, एकतीस, एकसष्ट, ब्याण्णव, शून्य.

हा फोन नंबर नाही. एका छापखान्याच्या मालकांच्या पतअहवालातली, म्हणजे घेतलेली कर्जं आणि त्यांची परतफेड यांच्या नोंदीतली, ही ओळ आहे. अहवालात प्रत्येक कर्जखात्यापुढे अशा चौकटी असतात. एक चौकट म्हणजे एक महिना, आणि आतला आकडा म्हणजे ठरल्या तारखेपासून पैसे भरायला झालेला उशीर, दिवसांत मोजलेला. बँकेच्या कर्जविभागात आम्ही त्याला ‘डीपीडी’, म्हणजे ‘डेज पास्ट ड्यू’, म्हणायचो. शून्य म्हणजे वेळेवर. एरवी शून्य कुणालाच नको असतं, इथे मात्र शून्यांची रांग लागलेली बरी.

माझी नोकरीची बरीच वर्षं असले अहवाल वाचण्यात गेली. हे छापखानेवाले गृहस्थ आले तेव्हा चांगलेच तापलेले होते. नव्या मशीनसाठी कर्ज हवं होतं आणि दोन ठिकाणी नकार मिळाला होता. काखेत जाडजूड फाइल. तिच्यात हातातल्या ऑर्डरी, ताळेबंद, मशीनचं कोटेशन, सगळं नीट लावलेलं. मला म्हणाले, “साहेब, कर्जाचा एक हप्ता चुकवला असेन तर दाखवा.” आणि खरंच, त्यांच्या मोठ्या कर्जाच्या ओळीत एकजात शून्यं होती. घोळ निघाला तो चौथ्या पानावर. कधीकाळी धंद्यासाठी घेतलेलं एक क्रेडिट कार्ड होतं. त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि विसरून गेले. मध्यंतरी छापखान्याची जागा बदलली. कार्डाची वार्षिक फी लागली, बिल जुन्या पत्त्यावर जात राहिलं. फीवर दंड, दंडावर व्याज. एकूण रक्कम त्यांच्या एका दिवसाच्या कागदाच्या खर्चाएवढीही नव्हती. पण चौकटीत रक्कम लिहीत नाहीत, दिवस लिहितात.

छोट्या धंद्याची पत बहुतेक वेळा अशीच जाते. पैसा नसतो म्हणून जाते त्याहून जास्त वेळा ती लक्ष नसतं म्हणून जाते. हे मी अंदाजाने बोलत नाही, टेबलापलीकडे बसून पाहिलेलं सांगतोय.

एक गैरसमज आधी दूर करतो. पुष्कळांना वाटतं, आपला गल्ला जोरात आहे, म्हणजे क्रेडिट स्कोअर, अर्थात अशा नोंदींवरून आपल्या पतीला दिलेले गुण, तोही जोरात असणार. स्कोअर मुख्यतः उधारीची नोंद बघतो: किती घेतली, कधी फेडली, मर्यादेतली किती वापरात आहे, खातं किती जुनं, नवे अर्ज किती. काही व्यावसायिक मानांकनांत ताळेबंदही धरतात, नाही असं नाही. पण उत्तम नफा आणि सुमार स्कोअर ही जोडी मी शेकड्याने पाहिली आहे. आणि नफा बेताचा, स्कोअर उत्तम, अशी माणसंही.

हे असं का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. न्यूयॉर्कमध्ये लुइस टॅपन नावाचा एक व्यापारी होता, भावाबरोबर रेशमाच्या धंद्यात. १८३७ मध्ये अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली आणि गावोगावच्या दुकानदारांना दिलेली उधारी बुडाली. पेढी अडचणीत आली. त्यातून टॅपनला एक धंदा सुचला: कोण उधारी फेडतो आणि कोण बुडवतो, ही माहितीच विकायची. १८४१ मध्ये त्याने ‘मर्कंटाइल एजन्सी’ काढली. ठिकठिकाणचे वकील आणि माहीतगार लोक व्यापाऱ्यांबद्दल कळवायचे आणि न्यूयॉर्कमधले कारकून ते मोठाल्या वह्यांत उतरवून घ्यायचे. त्यांत मालमत्तेबरोबर माणसाचा स्वभाव, सवयी, दारू पितो का, हेही असायचं. त्या वह्या हार्वर्ड विद्यापीठात जपून ठेवल्या आहेत, अडीच हजारांहून जास्त. हीच संस्था पुढे १९३३ मध्ये ब्रॅडस्ट्रीट कंपनीत मिळाली आणि आजची ‘डन अँड ब्रॅडस्ट्रीट’ झाली.

मग १९५६ मध्ये बिल फेअर हा अभियंता आणि अर्ल आयझॅक हा गणिती, या दोघांनी कंपनी काढली आणि माणसाबद्दलच्या शेऱ्यांच्या जागी गुण आले. ‘फायको’ स्कोअरचं नाव त्यांच्याच आडनावांवरून. माझ्या मते यात धंदेवाल्याचा फायदा झाला आणि तोटाही. आता तुमच्या सवयींबद्दल कुणी चहाडी करत नाही. पण तुमचा शब्द पक्का आहे, तुम्ही अडल्यानडल्याला धावून जाता, हेही त्या आकड्यात कुठे उमटत नाही. उमटतात त्या तारखा.

मोजपट्ट्या निरनिराळ्या आहेत, त्यामुळे नुसता आकडा ऐकून हुरळून जाऊ नका आणि घाबरूही नका. फायकोची नेहमीची पट्टी ३०० ते ८५० अशी, काही संस्थांची ९०० पर्यंत. कुठे १ ते १० असा क्रम असतो आणि त्यात १ सगळ्यात चांगला. मला सगळ्यात बोलकी वाटते ती डन अँड ब्रॅडस्ट्रीटची ‘पेडेक्स’ पट्टी, १ ते १०० ची. ठरल्या मुदतीत पैसे दिलेत तर ८०. ऐकलंत ना? वेळेवर देणाऱ्याला शंभर नाहीत, ऐंशी. शंभर मिळतात मुदतीच्या तीस दिवस आधी देणाऱ्याला. पंधरा दिवस उशीर केलात तर ७०, तीस दिवस केलात तर ५०. शिवाय तिथे मोठ्या बिलाचं वजन जास्त धरतात. म्हणजे आमच्या छापखानेवाल्यांची चिल्लर थकबाकी पेडेक्समध्ये फारशी बोचली नसती. बँकेकडच्या अहवालात मात्र ती टोचली, कारण तिथे खातं म्हणजे खातं.

आता कामाचं बोलू. नवा धंदा सुरू करणारे मला विचारायचे, “आम्ही कुणाचंच देणं लागत नाही, सगळा व्यवहार रोखीत, मग आमचा स्कोअर का नाही?” म्हणूनच नाही. ज्याने कधी उधारी घेतलीच नाही, त्याने ती फेडल्याची नोंद येणार कुठून? कर्जबाजारी व्हा असं मी म्हणत नाही. पण छोटी मर्यादा असलेलं एखादं खातं धंद्याच्या नावावर घ्यावं, दर महिन्याला लागणारी एखादी ठरावीक खरेदी त्यावर करावी आणि बिल पूर्ण भरावं. माल पुरवणाऱ्यांकडून तीस किंवा साठ दिवसांची मुदत मिळत असेल, तर ती घ्यावी आणि पाळावी. मात्र एक प्रश्न त्यांना जरूर विचारा: तुम्ही आमच्या पैसे देण्याची नोंद पतअहवाल तयार करणाऱ्या कुठल्या संस्थेला कळवता का? बरेच पुरवठादार कळवत नाहीत. मग तुम्ही दहा वर्षं वेळेवर पैसे दिलेत तरी ती पुण्याई त्यांच्या वहीतच राहते.

दुसरी गोष्ट घरच्या आणि धंद्याच्या पैशाची. एकमालकी धंद्यात कायद्याच्या नजरेत मालक आणि धंदा सहसा एकच. कंपनी वेगळी काढली तरी छोट्या कंपनीला कर्ज देताना मालकाचं वैयक्तिक खातं उघडून बघतातच, जामीन म्हणून सहीसुद्धा मालकाचीच घेतात. १९९० च्या दशकात छोट्या धंद्यांसाठी खास स्कोअर तयार झाले, तेव्हा छोटं कर्ज फिटेल की नाही याचा अंदाज मालकाच्या स्वतःच्या परतफेडीवरून चांगला येतो, असं दिसून आलं. तेव्हा घरच्या गाडीचा हप्ता आणि दुकानाचं कर्ज यांचा संबंध काय, असं विचारू नका. संबंध आहे. आणि मेव्हण्याच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिला असाल, तर त्याच्या उशिराचाही संबंध आहे. नात्यागोत्यात सही करताना आपण चेहरा बघतो, तारीख बघत नाही.

आता जरा बारकाईने ऐका, कारण यात फार जण फसतात. समजा, कार्डाची मर्यादा शंभर आहे. महिन्याभरात तुम्ही नव्वद वापरले आणि शेवटच्या तारखेच्या आत सगळे भरले. चूक काहीच नाही. तरी अहवालात नव्वद दिसू शकतात. कारण बहुतेक ठिकाणी अहवाल तयार करणाऱ्या संस्थेकडे जातो तो बिल तयार होण्याच्या दिवशीचा आकडा, आणि पैसे भरायची शेवटची तारीख त्यानंतर काही आठवड्यांनी येते. म्हणजे तुम्ही प्रामाणिकपणे फेडताय आणि कागदावर मात्र गळ्यापर्यंत बुडालेले दिसताय. उपाय अगदी साधा: बिल निघायच्या दोन-चार दिवस आधीच मोठा हिस्सा भरून टाका. वापर मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवा, असं सर्रास सांगितलं जातं. तीस ही काही लक्ष्मणरेषा नाही, पण अंदाजाला ठीक आहे. आणि जुनं कार्ड रागाच्या भरात बंद करू नका. त्याची मर्यादा गेली की तेवढाच खर्च उरलेल्या मर्यादेत मोठा दिसू लागतो. फी लागत असेल आणि वापर नसेल तर बंद करा जरूर, पण रीतसर, आणि बाकी शून्य असल्याचं पत्र घेऊन.

कॅश क्रेडिटच्या, म्हणजे धंद्याच्या रोजच्या खर्चासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे काढता-भरता येणाऱ्या कर्जखात्याचं गणित थोडं निराळं. तिथे वापर जास्त असणं धंद्याच्या स्वभावातच आहे. अधिकारी बघतो ते खातं हलतंय का. विक्रीचे पैसे त्यात येतात, पुन्हा निघतात, पुन्हा येतात, तर ठीक. महिनोन् महिने मर्यादेला टेकून निपचित पडलेलं खातं दिसलं की आमच्या कपाळावर आठी यायची.

अर्जांबद्दल थोडक्यात. एका महिन्यात पाच ठिकाणी अर्ज टाकले की पाच चौकश्या नोंदवल्या जातात आणि वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस दारोदार फिरतोय. आधी एका ठिकाणी नीट बोला, निकष विचारा, मग अर्ज करा. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. तो वर्षातून एकदा तरी पाहाच.

पाहायचा कशासाठी, तर चुकांसाठी. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ च्या अहवालात तिथल्या ग्राहकांचे पतअहवाल तपासले. शंभरातल्या पाच जणांच्या अहवालात कर्ज महाग पडेल इतक्या गंभीर चुका निघाल्या. ते वैयक्तिक अहवाल होते, पण धंद्याच्या अहवालातही मी हेच प्रकार पाहिले आहेत: फेडलेलं कर्ज चालू दिसतं, नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचं खातं आपल्यात येतं, पत्ता जुना, भागीदार सोडून गेला तरी नाव तसंच. तक्रार लेखी करावी, पुरावा जोडावा, एका वेळी एकच मुद्दा मांडावा. आठ पानांचं गाऱ्हाणं कुणी वाचत नाही, हे आठ पानांची गाऱ्हाणी वाचलेला माणूस सांगतोय. आणि ‘तुमचा खराब स्कोअर पुसून देतो’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. चुकीची नोंद तुम्ही स्वतः दुरुस्त करून घेऊ शकता, आणि खरी नोंद कुणीच पुसू शकत नाही.

पैशाची खरोखरच ओढाताण असेल तेव्हा काय? येणं अडकलंय, देणं दारात उभं आहे. अशा वेळी मालक काय करतो, तर बँकेचा फोन उचलत नाही. त्याची लाज मी समजू शकतो. पण तारीख उलटायच्या आधी आलेल्या माणसासाठी आमच्या हातात काही ना काही असायचं: हप्ता कमी करून मुदत वाढवणं, तात्पुरती सवलत. तारीख उलटून नव्वद दिवस झाल्यावर आलेल्यासाठी फारसं काही उरत नसे. हातात पैसे थोडे असतील तर एका खात्याचे जास्तीचे हप्ते भरून दुसरं उपाशी ठेवण्यापेक्षा प्रत्येक खात्याला निदान त्या महिन्याचं देय पोचवावं. व्याज लागेल, पण चौकटीत शून्य राहील. आणि ‘थोडे कमी घेऊन मिटवू’ असा प्रस्ताव आला, तर हुरळू नका. तसं मिटवलेलं खातं अहवालात ‘सेटल्ड’ म्हणून नोंदलं जातं, आणि पुढच्या कर्जाच्या वेळी तो शब्द ‘पूर्ण फेड’ या शब्दांपासून फार लांबचा ठरतो. दुसरा मार्गच नसेल तर घ्या, पण जाणूनबुजून घ्या.

छापखानेवाल्यांचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. ती नोंद खरी होती, त्यामुळे पुसली जाणार नव्हती. त्यांनी बाकी भरली, कार्ड बंद केल्याचं पत्र घेतलं, सगळीकडे पत्ता बदलून घेतला आणि भिंतीवर सगळ्या देय तारखांचा एक कागद चिकटवला. आपल्याच प्रेसमध्ये छापलेला, दोन रंगांत. मशीनचा विषय त्यांनी वर्षभर बाजूला ठेवला. सव्वा वर्षाने ते पुन्हा आले, फाइल या वेळी पातळ होती. दर महिन्याला एक नवं शून्य पुढे येत गेलं होतं आणि एकतीस, एकसष्ट, ब्याण्णव मागे सरकत सरकत पार टोकाला गेले होते. मी बोट ठेवून विचारलं, “हे काय?” ते म्हणाले, “जागा बदलली तेव्हाचं.” मी समासात तेवढंच लिहिलं आणि पान उलटलं.

नमस्कार.