नळीतला वायू, कागदावरचं आकारमान

मॅग्नेशियम आम्लात विरघळताना हायड्रोजन सुटतो; तो नळीत मोजून शून्य अंश आणि प्रमाण दाबाला त्याचं आकारमान किती, ते काढायचंय. काचपेपरनं घासलेली मॅग्नेशियमची फीत अशी लखलखते. निघाला तो ऑक्साइडचा थर. वजनात भरतो, हायड्रोजन मात्र देत नाही. म्हणून आधी घासायचं, मग तोलायचं. काट्यावर 0.040 ग्रॅम.

फितीची गुंडाळी तांब्याच्या तारेच्या पिंजऱ्यात. तांब्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा परिणाम होत नाही आणि फितीचे तुकडे सुटून भरकटत नाहीत. 50 मिलिलीटरच्या वायुमापक नळीत तळाशी 10 मिलिलीटर हायड्रोक्लोरिक आम्ल, 6 मोलार (लीटरमागे 6 मोल; मोल म्हणजे कणांची ठरावीक मोठी संख्या). त्यावर काचेच्या कडेनं पाणी, अगदी सावकाश. घाई केली की दोन्ही मिसळतात आणि नळी उलटायच्या आधीच बुडबुडे सुटतात. पिंजरा तोंडाशी अडकवून एका भोकाचं बूच, भोकावर बोट, आणि नळी पाण्यात उलटी. जड आम्ल रेघारेघांनी खाली उतरतंय, बघा... पोचलं!

फीत संपली तरी आकडा लगेच घ्यायचा नाही. वायू अजून कोमट आहे. टिचकी मारून काचेला चिकटलेले बुडबुडे वर घालवायचे. मग बोट लावून नळी उंच भांड्यात न्यायची आणि वर-खाली करत आतली-बाहेरची पातळी जुळवायची. हे टाळण्याकडे फार कल असतो. आतलं पाणी 136 मिलिमीटर वर राहिलं, तर वायूचा दाब पाऱ्याच्या 10 मिलिमीटरनं कमी असतो.

आता वाचन. 42.6 मिलिलीटर, तापमान 27 अंश सेल्सिअस, बॅरोमीटरवर हवेचा दाब पाऱ्याचे 750 मिलिमीटर.

या 750 मध्ये पाण्याची वाफही आहे. 27 अंशांना तिचा वाटा 26.7. उरलेले 723.3 कोरड्या हायड्रोजनचे. आता हे प्रमाण दाबावर आणि शून्य अंशावर आणायचं: 42.6 ला 723.3 नं गुणून 760 नं भागायचं, मग 273.15 नं (केल्व्हिनमध्ये शून्य अंश) गुणून 300.15 नं (27 अंश) भागायचं. आलं 36.9 मिलिलीटर, आणि एवढ्या मॅग्नेशियममधून निघायला हवा तितकाच. वाफ वजा केली नसती तर 38.3. केल्व्हिनऐवजी सेल्सिअस घातलं असतं तर शून्य भागिले 27, म्हणजे अख्खा वायूच गायब.

भाजक 760 का? कारण इथं प्रमाण दाब 1 वातावरण, म्हणजे पाऱ्याचे 760 मिलिमीटर, धरलाय. आययुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 1982 मध्ये तो 1 बार (पाऱ्याचे सुमारे 750 मिलिमीटर) केला. शून्य अंशाला एका मोलचं आकारमान 22.4 ऐवजी 22.7 लीटर झालं. त्या हिशेबानं हाच हायड्रोजन 37.4 मिलिलीटर. उत्तराशेजारी दाब लिहिलेला नसेल, तर ते उत्तर अर्धंच.

नळी रिकामी करताना जवळ ज्योत नको. आम्ल भरपूर पाण्यात ओतायचं.