सात दिवसांची पावडर: ओडिशातली बाळं आणि एक जिवाणू

नवजात बाळ आजारी पडलं ना, की ते मोठ्या माणसासारखं तापाने फणफणतंच असं नाही, उलट बऱ्याचदा ते गप्प होतं. काल छान दूध ओढणारं बाळ आज छातीला लावलं तरी तोंड उघडत नाही, हातपाय गार लागतात, पोट फुगतं, श्वास घेताना छाती आत ओढली जाते. आजी म्हणते थंडी लागली असेल, दुपट्यात गुंडाळा, आणि संध्याकाळपर्यंत बाळ लुळं पडलेलं असतं. डॉक्टर याला सेप्सिस म्हणतात, म्हणजे जंतुसंसर्ग रक्तात उतरून अख्ख्या शरीरात पसरलेला. 2017 च्या आसपास आपल्या देशात वर्षाला साधारण सहा लाख बाळं जन्माच्या पहिल्या महिन्यातच जात होती, आणि त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे हा जंतुसंसर्ग.

गडचिरोलीची गोष्ट महाराष्ट्रात बऱ्याच जणांना माहीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांमध्ये गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळ कसं तपासायचं, सेप्सिस कसा ओळखायचा, घरातच अँटिबायोटिक इंजेक्शन कसं द्यायचं, आणि 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दाखवून दिलं की एवढ्याने नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी होतात. आज आशाताई घरोघरी जाऊन बाळाचं वजन करते, ताप बघते, त्याची मुळं या कामात आहेत. पण ते काम बहुतेक आजार झाल्यानंतरचं होतं, बाळ आजारी पडलं की लवकर ओळखा आणि औषध द्या. ओडिशात जो प्रश्न विचारला गेला तो त्याच्या एक पाऊल आधीचा होता, बाळाला सेप्सिस होऊच नये म्हणून काही देता येईल का?

(पडद्यावर: ओडिशाचा नकाशा, मग खेड्यातलं एक घर, बाळंतिणीची खोली)

हा प्रश्न धरून बसलेला माणूस म्हणजे डॉ. पिनाकी पाणिग्रही. अमेरिकेत संशोधन करणारे बालरोगतज्ज्ञ, अभ्यास छापून आला तेव्हा नेब्रास्का विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरमध्ये होते, पण काम सगळं ओडिशात, भुवनेश्वरच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थच्या टीमला सोबत घेऊन. सुमारे वीस वर्षं हा माणूस एकाच गोष्टीच्या मागे होता, बाळाला दिला तर सेप्सिस टळेल असा योग्य जिवाणू शोधण्याच्या.

प्रोबायोटिक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दही, ताक नाहीतर मेडिकलमधलं सॅशे येतं, आणि आपल्याला वाटतं चांगले जिवाणू म्हणजे चांगले जिवाणू, कुठलेही चालतील. तसं अजिबात नाहीये. एकाच जातीच्या जिवाणूचे वेगवेगळे स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, असतात आणि एक स्ट्रेन जे करतो ते त्याचा सख्खा भाऊ करेलच असं नाही. पाणिग्रहींच्या टीमने 280 हून जास्त स्ट्रेन तपासले. हा आतड्याच्या पेशींना चिकटतो का, रोगजंतूंना हुसकावतो का, बाळाच्या पोटात टिकतो का, त्याचा काही त्रास तर होत नाही ना, असं एकेक चाळत ते शेवटी लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमच्या एका स्ट्रेनवर आले. तो मिळाला होता एका निरोगी भारतीय बाळाच्या डायपरमधून! मला हा तपशील फार आवडतो, कारण ज्या पोटात त्याला पुढे काम करायचं होतं तशाच पोटातून तो आलेला होता.

आणि त्याला एकट्याला नाही पाठवलं. सोबत त्याचं खाणं दिलं, फ्रुक्टोऑलिगोसॅकराइड नावाची एक साखर, जी बाळाला पचत नाही पण जिवाणूला पचते. जिवाणू आणि त्याचा डबा एकत्र दिला की त्याला सिनबायोटिक म्हणतात. टीमने आधी छोट्या अभ्यासात बघून ठेवलं होतं की सातच दिवस दिलं तरी काही बाळांच्या पोटात हा जिवाणू पुढे सहा महिन्यांपर्यंत सापडतो. मोठा अभ्यास उभा राहिला तो यावरच, कारण खेड्यातल्या घरी महिनोन्महिने रोज जाऊन डोस देत बसणं कुणाला जमणार?

ओडिशातली 149 गावं, 4,556 बाळं. जन्मानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरुवात, रोज एक डोस, प्रत्येक डोसमध्ये एक अब्ज जिवाणू, सात दिवस. निम्म्या बाळांना खरी पावडर, निम्म्यांना दिसायला तशीच पण जिवाणू नसलेली, आणि कुणाला काय मिळतंय हे ना आईला माहीत, ना देणाऱ्याला. मग 60 दिवस लक्ष ठेवायचं.

निकाल ऑगस्ट 2017 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आला. नुसती पावडर मिळालेल्या गटात सेप्सिस किंवा मृत्यू झालेली बाळं 9 टक्के, जिवाणू मिळालेल्या गटात 5.4 टक्के. म्हणजे धोका 40 टक्क्यांनी कमी. म्हणजे साधारण 27-28 बाळांना दिलं की एका बाळाचं हे संकट टळतं. खरं तर आठ हजारांहून जास्त बाळं घ्यायची ठरली होती, पण मधल्या तपासणीत फरक इतका स्पष्ट दिसला की देखरेख समितीने अभ्यास लवकर थांबवला. आणि खर्च? एका बाळामागे अंदाजे एक डॉलर, म्हणजे तेव्हाचे 65 रुपयांच्या आसपास.

आता खरी मजा. पोटात दिलेल्या जिवाणूने पोटातले जंतू हटवले हे समजू शकतं. पहिल्या दिवसांत बाळाचं आतडं मोकळं असतं, आणि एसटीत जसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं जो आधी पोचला त्याची जागा, नंतर आलेल्या रोगजंतूला बसायला मिळत नाही. वर हे लॅक्टोबॅसिलस आम्ल तयार करतात, ते बऱ्याच रोगजंतूंना सोसत नाही. पण या बाळांमध्ये फुफ्फुसाचे संसर्गसुद्धा 34 टक्क्यांनी कमी झाले. पोटातला जिवाणू काही छातीत जाऊन लढला नाही ना! तेव्हा संशोधकांना वाटतं की तो आतड्याच्या भिंतीपाशी बसून बाळाच्या रोगप्रतिकारक पेशींना तयार करतोय. शरीरातल्या या पेशींचा फार मोठा हिस्सा आतड्याभोवतीच असतो, तिथे शिकलेल्या पेशी रक्तातून सगळीकडे फिरतात, आणि त्या शिकण्याचा काळ म्हणजे नेमके हे पहिले दिवस.

(पडद्यावर: मायक्रोस्कोपखाली दांड्याच्या आकाराचे जिवाणू)

पण थांबा, इथे घाई करू नका. हा अभ्यास फक्त धडधाकट बाळांवर झाला, वजन किमान दोन किलो, गर्भारपणाचे 35 आठवडे तरी पूर्ण झालेले, आईचं दूध सुरू झालेलं. सर्वात नाजूक बाळं त्यात नव्हतीच. शिवाय मृत्यू दोन्ही गटांत इतके थोडे होते की या पावडरने जीव वाचले असं एकट्या या अभ्यासावरून म्हणता येत नाही, आजार कमी झाला एवढं मात्र नक्की. आणि फार लवकर जन्मलेल्या बाळांची गोष्टच निराळी, इंग्लंडमध्ये अशा 1,300 हून जास्त बाळांना दुसराच एक जिवाणू, बायफिडोबॅक्टेरियम ब्रेव्हेचा एक स्ट्रेन देऊन बघितला होता, 2016 साली निकाल आला, काहीच फायदा नाही. 2023 मध्ये तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशाराच दिला, कारण मुदतपूर्व जन्मलेल्या एका बाळाला प्रोबायोटिकमधल्याच जिवाणूचा संसर्ग होऊन ते दगावलं. म्हणून कळकळीने सांगतोय, मेडिकलमधून सॅशे आणून तान्ह्या बाळाला स्वतःच्या मनाने पाजू नका, त्यात हा स्ट्रेन नसतो आणि तुमचं बाळ या अभ्यासातल्या बाळांसारखं असेलच असंही नाही.

एवढा मोठा निकाल येऊनही ही पावडर आपल्या आशाताईच्या पिशवीत का नाही, हा प्रश्न मला राहून राहून पडतो. पण एका राज्यातल्या एका अभ्यासावर देशभरातल्या बाळांचा निर्णय घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, दुसरीकडेही तसंच होतं का हे बघावंच लागतं. ढाक्यात टोरंटोच्या संशोधकांनी हाच स्ट्रेन तिथल्या बाळांना देऊन बघायला घेतला. आणि इकडे आपल्या वर्ध्याजवळ, सेवाग्रामच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसच्या पुढाकाराने देशातल्या अनेक केंद्रांवर सहा हजारांवर बाळांचा अभ्यास आखला गेला, त्यात मिश्रण वेगळं होतं, अनेक स्ट्रेनचं, आणि बाळं कोणती, तर दीड ते अडीच किलोची. ओडिशाच्या अभ्यासात दोन किलोच्या आतल्या ज्या बाळांना जागाच नव्हती, त्यांच्यातली कितीतरी इथे मोजायची ठरली.