हरळीच्या मुळाशी

नमस्कार श्रोतेहो! गणपतीला आपण वाहतो त्या दूर्वा म्हणजे आपल्या शेतातली हरळीच, आणि तीच अमेरिकेत बर्म्युडा ग्रास म्हणून गोल्फच्या मैदानांवर असते. आमची आजी खुरपं घेऊन बांधावरची हरळी काढायची आणि म्हणायची, एक कांडी राहिली तरी महिन्याभरात सगळं परत हिरवं. त्यामुळे फ्लोरिडात हीच हरळी पाणी देऊनही वाळते हे मला आधी पटेचना.

कारण आहे स्टिंग निमॅटोड. सूत्रकृमी हो, आपल्याकडे डाळिंबाच्या, टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणतात ना, त्यांच्याच भाऊबंदातला. तीन मिलिमीटरपर्यंत लांब, म्हणजे निमॅटोडमध्ये चांगलाच मोठा, आणि त्याला रेताड जमीन फार मानवते. हा मुळात शिरत नाही, बाहेर राहूनच टोकाला सुईसारखं तोंड खुपसतो, मग ते टोक वाढायचं थांबतं, मुळं आखूड, बोथट राहतात आणि गवत हाताने ओढलं तर सतरंजीसारखं उचलून येतं. फेनामिफॉस नावाचं जालीम औषध होतं, पण कंपनीने 2007 मध्ये त्याचं उत्पादनच बंद केलं.

मग औषधावर विसंबायचं नसेल तर वाणच असा काढायचा की ज्यावर हे किडे वाढणारच नाहीत. इथे एक बारीक गोष्ट आहे बरं का, काही गवत निमॅटोड नुसतं सोसतं, वरून हिरवंगार दिसतं पण खाली त्यांची पैदास चालूच असते, आणि काही गवत त्यांना वाढूच देत नाही. डोळ्यांनी हा फरक कळत नाही. प्रत्येक रोपाच्या कुंडीत निमॅटोड सोडायचे, तीनेक महिने थांबायचं, मग माती धुऊन, चाळून, साखरेच्या पाण्यात फिरवून किडे वेगळे करायचे आणि मायक्रोस्कोपखाली एकेक मोजायचा. शेकडो रोपं असली की माणूस थकून जातो हो, आणि एकाच रोपाच्या दोन कुंड्यांत आकडे वेगवेगळे येतात ते निराळंच.

म्हणून मेटाबोलिक मार्कर, म्हणजे रोपाचा गुण ओळखायला खुणेसारखं उपयोगी पडणारं त्याच्यातलंच एखादं द्रव्य. मुळांत शर्करा, अमिनो आम्लं, फिनॉलं अशी असंख्य द्रव्यं असतात, मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंच्या वजनावरून द्रव्यं ओळखणाऱ्या यंत्रावर, ती मोजता येतात, आणि निमॅटोडला वाढू न देणाऱ्या रोपात एखादं द्रव्य कायम जास्त किंवा कायम कमी सापडलं तर पुढच्या रोपांची चिमूटभर मुळं तपासून निवड करता येईल. मैदानावरच्या बऱ्याच संकरित हरळ्या त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या आणि त्यामुळे बी न धरणाऱ्या, कांड्या लावूनच वाढवतात, त्यांच्यापासून पुढचा संकर होत नाही, म्हणून निवडीची चाळणी आईबापांच्या पिढीतच लावायला हवी.

पण मला यात एकच काळजी वाटते, ही द्रव्यं उन्हाने, खताने, अगदी कापणीनेसुद्धा वरखाली होतात. तेव्हा मार्कर सापडला म्हणून लगेच त्याच्यावर विसंबू नये, तेच रोप उन्हाळ्यात आणि थंडीत, कुंडीत आणि उघड्या रेतीत तपासायचं, आणि निदान तोवर तरी शेजारी किडे मोजणं चालूच ठेवायचं.