लिस्ट लागेपर्यंत घरात काय चालतं

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना सगळ्यांना? बरं. पालक खूप दिसतायत, मुलं कमी, आणि जी आलीत ती दाराजवळ भिंतीला टेकून उभी आहेत, मला समजतं ते, कॉलेज प्रवेशाच्या लिस्टची वाट बघायच्या या दिवसांत कुणाचं काही ऐकत बसायची इच्छाच होत नाही. मी ज्युनियर कॉलेजला गणित शिकवते, एकोणीस वर्षं झाली, आणि दरवर्षी जूनपासून ऑगस्टपर्यंत मुलांचे फॉर्म भरून देणं, कागद तपासून देणं हे सुद्धा करते. मानसशास्त्राची डिग्री माझ्याकडे नाहीये. पण हे वाट बघणं मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलंय, कारण २०२४ ला माझ्या स्वतःच्या मुलीने नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, दिली होती.

२०२४ म्हटलं की इथल्या काही आयांना लगेच आठवेल. ५ मेला पेपर झाला. रिझल्ट १४ जूनला म्हणून सांगितला होता तो ४ जूनलाच लागला, लोकसभेचा निकाल होता त्याच दिवशी. ६७ मुलांना ७२० पैकी ७२०. मग पेपरफुटीच्या बातम्या, मग १५६३ मुलांना दिलेले ग्रेस मार्क रद्द, त्यांच्यासाठी २३ जूनला परत परीक्षा, काऊन्सेलिंग, म्हणजे कॉलेजच्या जागा वाटणं, जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल म्हणत होते ते लांबलं, आणि रोज सकाळी उठून आम्ही बघायचो की आज कोर्टात काय झालं. २३ जुलैला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सगळ्यांची परीक्षा परत होणार नाही. चला, सुटलो असं वाटलं. तर २६ जुलैला सुधारलेला रिझल्ट आला. फिजिक्सचा एक प्रश्न होता, अणूबद्दलचा, त्याची दोन उत्तरं आधी बरोबर धरली होती कारण एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात एक होतं आणि नव्यात दुसरं. कोर्टाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांना विचारलं, एकच उत्तर, नव्या पुस्तकातलं, बरोबर ठरलं, आणि चार लाखांहून जास्त मुलांचे पाच-पाच मार्क गेले. मिळालेले चार गेले आणि वरून एक निगेटिव्ह. ६७ चे आधी ६१ झाले होते, ते शेवटी १७ उरले.

माझी मुलगी त्या चार लाखांत होती. आमच्या घरात मोठ्या मुलाचं जुनं पुस्तक होतं, चांगल्या स्थितीत होतं, मीच म्हटलं होतं की नवं कशाला घ्यायचं, सगळं तेच असतं.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. मी फोनवर बघितलं, तिला सांगितलं, ती फक्त "हं" म्हणाली आणि निवडत राहिली. थोड्या वेळाने माझं लक्ष गेलं तर पानं सगळी कचऱ्याच्या पेपरवर आणि काड्या पातेल्यात. मला रडूच फुटलं, पुस्तकाचं आठवून. तेव्हा ती मान वर करून म्हणाली, "आई, तू रडू नकोस ना, मला दोघींचं नाही झेपत."

आज मला जे सांगायचंय ते एवढंच आहे खरं तर. वाट बघणारं मूल एकटं वाट बघत नसतं, अख्खं घर बघत असतं, आणि घराची काळजीही तेच मूल उचलत असतं. मला नंतर तिने सांगितलं की रात्री दोन-अडीचला माझ्या खोलीच्या दाराखालून फोनचा उजेड दिसायचा तेव्हा तिला कळायचं की आई जागी आहे, आणि मग तिचीही झोप जायची. मी समजत होते की मी तिच्यासमोर काही दाखवत नाहीये.

म्हणून पालकांना आधी सांगते. तुमची काळजी खोटी नाही, फीचा प्रश्न आहे, हॉस्टेलचा आहे, मला सगळं मान्य आहे, पण ती काळजी एकमेकांशी बोला, बहिणीशी बोला, मूल झोपल्यावर गच्चीत जाऊन बोला. जेवताना लिस्टचा विषय नको. आमच्याकडे आम्ही ठरवलं की रात्री नऊला अर्धा तास या विषयावर बोलायचं, काय नवीन आलं, काय करायचंय, आणि साडेनऊला बंद. पहिले तीन-चार दिवस जमलं नाही. मग जमायला लागलं, आणि सगळ्यात मोठा फरक पडला तो जेवणात, ती पोटभर जेवायला लागली.

आणि नातेवाईक. मावशीचा फोन, आत्याचा फोन, सोसायटीतले काका लिफ्टमध्ये, "काय, लागला का नंबर?" त्यांच्या मनात वाईट काही नसतं पण दिवसातून सहा वेळा तेच उत्तर देणं मुलाला फार जड जातं. हे काम आई-वडिलांनी घ्या. एक वाक्य ठरवून टाका, "लिस्ट लागली की आम्हीच फोन करू", आणि मुलाच्या हातात फोन द्यायचा नाही म्हणजे नाही.

आता मुलांनो, तुमच्याकडे येते, या जरा पुढे, खुर्च्या आहेत इकडे.

छातीत धडधडणं, पोटात गोळा, सकाळी उठल्याबरोबर मळमळ, हे तुम्हाला होतंय म्हणजे तुम्ही कमकुवत आहात असं काही नाही. शरीराला धोका आणि लिस्ट यातला फरक कळत नाही, ते पळायची तयारी करून बसतं आणि पळायला तर कुठेच जायचं नसतं. म्हणून खरंच चाला. संध्याकाळी चाळीस मिनिटं, फोन घरी ठेवून. आणि धडधड वाढली की श्वास सावकाश सोडायचा, घेताना जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ सोडायला, आठ-दहा वेळा. साधं आहे, पण उपयोग होतो, मी वर्गात करून घेते.

पेज रिफ्रेश करणं हा दुसरा त्रास. तारीख दिलेली असते, लिस्ट कधी संध्याकाळी लागते, कधी मध्यरात्री, कधी दुसऱ्या दिवशी, आणि तुम्ही दर पाच मिनिटांनी बघता. तुम्ही बघितल्याने ती लवकर लागत नाही. दिवसातून दोन वेळा ठरवा, समजा सकाळी दहा आणि रात्री आठ, आणि फक्त सीईटी सेलच्या, म्हणजे राज्यातले प्रवेश बघणाऱ्या सरकारी ऑफिसच्या, साईटवर. टेलिग्रामवर आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ, "यंदा कटऑफ इतका वाढणार" वाले व्हिडिओ, रँक सांगणारी ॲप, हे सगळं लिस्ट लागेपर्यंत बंद. तसंच "सीट करून देतो, आजच्या आज टोकन भरा" असे फोन याच दिवसांत येतात, कारण त्यांना माहितीये की घर घाबरलेलं आहे. घाबरलेल्या अवस्थेत एक रुपयाही कुणाला द्यायचा नाही.

पर्सेंटाईलचं पण एकदा समजून घ्या, अर्धी भीती तिथे असते. परवा एक मुलगा आला, ९२ पर्सेंटाईल, आणि बारावीला ८१ टक्के असलेल्या मैत्रिणीशी तुलना करत होता. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. ९२ म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरातले साधारण आठ तुमच्या पुढे. समजा तीन लाख मुलं बसली तर पुढे चोवीस हजार. त्यातले सगळे तुमच्याच शहरात, तुमच्याच ब्रँचला, तुमच्याच कॅटेगरीत येणार नसतात. हे आकडे कागदावर स्वतः मांडा, गेल्या वर्षीचा कटऑफ एकदा बघा, शेजारी लिहा आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवा.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे आवडीच्या क्रमाने कॉलेजं लिहून द्यायची यादी, मात्र अजून तुमच्या हातात आहे, आणि तिथे भीतीपोटी मुलं फार चुका करतात. "वरचं कॉलेज टाकलं तर खालचं पण जाईल" असं कुणीतरी सांगतं आणि मूल आवडतं कॉलेज लिहीतच नाही. तसं होत नाही. मेरिटप्रमाणे तुमचा नंबर आला की तुमच्या यादीत वरून खाली बघितलं जातं आणि जिथे पहिली जागा मिळते ती तुम्हाला मिळते. वर आवडतं लिहिल्याने खालचं बुडत नाही. फक्त एक, पहिल्या नंबरचा ऑप्शन लागला की सीट आपोआप फ्रीझ होते, मग पुढच्या फेरीत जाता येत नाही, तेव्हा पहिल्या नंबरवर तेच लिहा जे मिळालं तर खरंच जाल. पुढच्या फेऱ्यांचे नियम बदलत असतात, यंदाचं ब्रोशर समोर ठेवूनच भरा. आणि यादी लांब करा. सहा ऑप्शन टाकून आलेली मुलं मी रडताना बघितली आहेत.

आता थोडं कठीण बोलते. मूल दोन-तीन दिवस जेवत नसेल, झोपत नसेल, खोलीतून बाहेर येत नसेल, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास", "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोललं, तर ते बोलणं थट्टेवारी नेऊ नका आणि रागावूही नका. सरळ विचारा, "तुला जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे, विचारल्याने मूल मोकळं होतं. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरकडे न्या. टेलिमानस म्हणून सरकारची हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. हा नंबर आत्ता फोनमध्ये सेव्ह करा, मी थांबते. १, ४, ४, १, ६. मुलांनी पण करा, स्वतःसाठी नको असेल तर मित्रासाठी.

झालं माझं. आता ज्यांच्या जात वैधतेचं किंवा नॉन-क्रिमीलेयरचं अडकलंय त्यांनी इकडे डावीकडच्या टेबलाशी या, पावती असेल तर ती पण आणा, कुठली तारीख चुकवायची नाही ते आपण लिहून काढू. ऑप्शन फॉर्मवाले थोडं थांबा, एकेकाचं बघते. आणि ज्या मुलांना फक्त बसायचंय, काही विचारायचं नाहीये, त्यांच्यासाठी मागच्या खोलीत चहा ठेवलाय. तिकडे कुणी पालकांनी जाऊ नका.